बर्फात गोठलेलं फिश हाऊस सोडवताना या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या गोठलेल्या तळ्यांवर हे दृश्य हमखास दिसतं. पिकअप ट्रक, त्याला बांधलेला पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला फिश हाऊस, म्हणजे बर्फाला भोकं पाडून आत बसून मासे धरायचं छोटं घर, आणि जागच्या जागी गरगर फिरणारी ट्रकची चाकं. घर मात्र तसूभरही हलत नाही. इथली बरीच मराठी मंडळी आता थंडीत वॉलआय नावाचा मासा धरायला बर्फावर जाऊ लागली आहेत, काहींनी स्वतःची घरंही घेतली आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितो आहे, कारण दरवर्षी त्याच चुकांनी चांगली घरं मोडताना पाहून वाईट वाटतं.

पहिली चूक तारखेची. राज्याच्या दक्षिण भागात मार्चच्या पहिल्या सोमवारी आणि उत्तर भागात तिसऱ्या सोमवारी रात्री बाराच्या आत घर बर्फावरून हलवावं लागतं. नाही हलवलं तर मालकावर कारवाई होते, घर जप्तही होऊ शकतं. म्हणून बहुतेक जण त्याआधीच्या शेवटच्या शनिवारी उगवतात आणि घर गोठलंय हे तेव्हा कळतं. निदान दोन आठवडे आधी जाऊन घर एकदा उचलून पाहा.

आता ते गोठतं कशाने, हे नीट समजून घ्या. ते समजलं की पुढच्या अर्ध्या चुका आपोआप टळतात. तरंगणाऱ्या बर्फाचा फार थोडा भाग पाण्यावर असतो. बर्फ ६० सेंटीमीटर जाड असेल तर जेमतेम ५ सेंटीमीटर. त्यावर दबलेला स्नो २५ सेंटीमीटरच्या आसपास साचला की त्याच्या वजनाने अख्खा थर खाली दबतो आणि पाणी भेगांतून, मासे धरायच्या भोकांतून वर येतं. स्नो आणि पाणी मिसळून जो चिखल होतो तो स्लश. वरचा स्नो गोधडीसारखा असल्याने हा स्लश कित्येक दिवस ओलाच राहतो, आणि मग एखाद्या कडाक्याच्या रात्री दगडासारखा होतो. त्यात आतल्या हीटरच्या उबेने तळाखालचा बर्फ वितळतो आणि घर हळूहळू खाली बसत जातं. गडद रंगाच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी तर ऊन दिवसा पाणी करतं आणि रात्र ते पुन्हा गोठवते. म्हणजे घर एका बाजूला जास्त घट्ट धरलेलं असतं. सोडवायला त्याच बाजूने सुरुवात करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे झटका देणं. काही वर्षांपूर्वी माझ्या एका शेजाऱ्याने पट्टा ढिला ठेवून ट्रक जोरात पुढे घेतला. घर तिथेच राहिलं, पुढचा आडवा वासा मात्र स्किडपासून (घर बर्फावरून सरकवायला तळाशी लावलेल्या लांब दांड्यांपासून) उपटून बाहेर आला. माणसं बाजूला होती म्हणून बरं. ताणलेल्या पट्ट्याचा हूक सुटला तर तो गोळीसारखा येतो, आणि पट्टा ट्रकच्या टोइंग बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) अडकवला असेल तर तो बॉलच तुटून उडू शकतो. चिखलात रुतलेली बैलगाडी काढताना आधी चाकापुढचा चिखल उपसतात, मग बैलांना हाक देतात. इथेही तेच करायचं. घर बर्फापासून सुटल्याशिवाय पट्टा लावूच नका.

सोडवायला पहार हवी. इथे बर्फ फोडायची वेगळी, धारदार टोकाची पहार मिळते, ती उत्तम. आधी भिंतींपासून हातभर अंतरापर्यंत स्नो फावड्याने काढा. मग भिंतीला लागून चर खणा, पहारीचं टोक घराकडे न ठेवता जरा बाहेरच्या बाजूला झुकवून. चर स्किडच्या तळापर्यंत पोचला की थांबा. इथेच चेनसॉवाले फसतात. पातं खालच्या पाण्यापर्यंत गेलं की पाणी चरात वर येतं, आणि सकाळी घर आधीपेक्षा घट्ट बसलेलं असतं. शिवाय साखळीचं तेल तळ्यात जातं. चेनसॉ वापरायचाच असेल तर उथळ कापा आणि साखळीच्या तेलाऐवजी खाद्यतेल घाला.

चर झाला की जॅक. तो थेट बर्फावर ठेवू नका, घसरतो. खाली रुंद फळी द्या. टेकवायचा तो चौकटीला. भिंतीच्या पत्र्याला किंवा प्लायवूडच्या तळाला लावलात तर ते फाटेल. एक कोपरा हळूहळू उचला. काडकन आवाज येतो, तेव्हा पकड सुटलेली असते. दोन-तीन सेंटीमीटर वर आला की खाली लाकडी ठोकळा सरकवा आणि त्याच बाजूच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे जा. हात किंवा पाय कधीही तळाखाली घालू नका, ठोकळा काठीने ढकला.

उकळतं पाणी ओतणारे खूप दिसतात. एक लिटर उकळतं पाणी फार तर सव्वा किलो बर्फ वितळवतं, आणि मग ते सगळं सव्वादोन लिटर पाणी घराखाली जाऊन गोठतं. गॅसच्या ज्योतीने घराचा फोम आणि चाकांवरचं घर असेल तर टायर जळतात. दारं-खिडक्या बंद करून हीटर रात्रभर पेटवून ठेवणं तर जिवावर बेतणारं आहे, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. मीठही नको. चमचाभर मीठ १९ लिटर गोडं पाणी खराब करतं आणि ते पुन्हा बाहेर काढता येत नाही.

वेळही साधा. पकड दुपारी सोडवा, घर रात्रभर ठोकळ्यांवर राहू द्या, आणि सकाळी पृष्ठभाग कडक असताना ओढून न्या. पिकअपसाठी स्वच्छ, पारदर्शक बर्फ निदान १३ इंच हवा. पांढरट बर्फ असेल तर दुप्पट. काठाजवळ वेगळं मोजा, मार्चमध्ये तिथला बर्फ आधी सुटतो.

खरा उपाय डिसेंबरातच करायचा असतो. घर बर्फावर उतरवतानाच चौकटीखाली ठोकळे द्या. ठोकळाही गोठतो, पण तो घणाने ठोकून काढता येतो, घराला घण मारता येत नाही. मोठा स्नो पडून गेला की आठवडाभरात एक चक्कर मारून घर थोडं उचलून पुन्हा ठेवा.

निघताना ते ठोकळे तसेच सोडू नका. रात्री स्नोमोबिल त्यांवर आदळते, आणि वसंतात ते तळ्यात तरंगत राहतात. २०२३ पासून बर्फावर कचरा टाकल्यास १०० डॉलर दंडही आहे. डिसेंबरात किती ठोकळे लावले तो आकडा दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, आणि ट्रकमध्ये तेवढेच परत चढले का ते मोजा.