पुण्यात बसून शिना भाषेचे शब्द कसे टिपावेत

द्रास किंवा गुरेझहून पुण्यात शिकायला आलेला एखादा विद्यार्थी ओळखीचा असेल आणि त्याची तयारी असेल, तर त्याच्याकडून शिना भाषेचे शे-दीडशे शब्द देवनागरीत उतरवून घेणे दोन-तीन संध्याकाळींत जमते. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी आणि वहीच्या पहिल्याच पानावर त्याच्या गावाचे नाव लिहावे. शिना प्रामुख्याने गिलगिट, अस्तोर व चिलास या भागांत, तर नियंत्रण रेषेच्या अलीकडे गुरेझ, तिलेल व द्रास येथे बोलली जाते, आणि या बोलींचे शब्द एकाच रकान्यात मिसळले की यादीचा उपयोग संपतो. या भाषेला काश्मिरी म्हणू नये; दोन्ही दार्दिक गटातल्या असल्या तरी भाषा वेगळ्या आहेत.

सुरुवात आकड्यांपासून करावी, कारण आपल्या कानाची परीक्षा तिथेच होते. शिनेत स, श आणि ष हे तिन्ही उच्चार आजही वेगवेगळे आहेत. गिलगिटच्या बोलीत सहाच्या आरंभी ष, साताच्या आरंभी स आणि शंभराला म्हणतात त्या 'शल'च्या आरंभी श येतो. आपण पुणेकर 'षटकोन' लिहितो आणि 'शटकोन' म्हणतो, त्यामुळे हा भेद कानाला सहजी सापडत नाही. पहिल्या संध्याकाळी मी प्रत्येक ष हा श म्हणून लिहिला आणि दुसऱ्या दिवशी सगळी पाने पुन्हा लिहावी लागली. जिभेचे टोक 'ट'च्या जागी वळवून 'ष' स्वतः म्हणून पाहावा. तोंडाला जमला की कानालाही ऐकू येऊ लागतो.

'च'च्या बाबतीत मात्र मराठी माणसाची निम्मी वाट आधीच चाललेली असते. 'चाक' आणि 'चिमणी' यांतले दोन च आपण न चुकता वेगळे उच्चारतो, जरी अक्षर एकच लिहितो. शिनेत हे दोन्ही आहेत आणि शिवाय जीभ वळवून म्हणायचा तिसरा, मूर्धन्य च आहे. 'चाक'मधल्या च खाली टिंब आणि मूर्धन्य च खाली आडवी रेघ द्यावी, 'चिमणी'तला च तसाच ठेवावा. छलाही हीच खूण वापरावी. या मूर्धन्य ध्वनीमागे बहुधा संस्कृतातला 'त्र' किंवा 'क्ष' असतो: 'पुत्र'चा 'पुच' झाला, 'अक्षि'चा 'अछी', आणि दोन्हींत तो वळलेला उच्चार आहे. हे एकदा लक्षात आले की पुढचे कितीतरी शब्द आपले आपणच ओळखू येतात.

दीर्घ स्वर ऐकताना सूर पाहावा. तो स्वराच्या पूर्वार्धात उंच आहे की उत्तरार्धात, यावर शब्दाचा अर्थ बदलू शकतो. म्हणून प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्यावा आणि उंच भागावर तिरकी रेघ मारावी. मोठे आकडे विसांच्या हिशेबाने चालतात. आजीच्या तोंडी 'तीन विसा' ऐकलेल्यांना हे शिकवावे लागणार नाही.

शब्दांनंतर चार-पाच वाक्ये घ्यावीत. मराठीत 'मुलगा भाकरी खातो' पण 'मुलाने भाकरी खाल्ली', म्हणजे इथे 'ने' भूतकाळात येतो, वर्तमानकाळात येत नाही. गिलगिटच्या शिनेत तसाच कर्त्याचा प्रत्यय 'खातो' म्हणतानाही लागतो. म्हणून एकच वाक्य दोन्ही काळांत विचारावे.

पडताळणीसाठी ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या आठव्या खंडाचा दुसरा भाग आणि ग्रॅहम बेलीचे 1924 चे शिना व्याकरण पाहावे. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा विभाग आहे, तिथे चौकशी करता येईल. मात्र पुस्तकातला शब्द आणि समोरच्याचा शब्द जुळला नाही, तर वहीत समोरच्याचाच ठेवावा. शेवटी पूर्ण यादी त्याला वाचून दाखवावी, तो हसेल तिथे दुरुस्ती करावी आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्याला द्यावी.