लाइट गेली तरी नोंद राहिली पाहिजे: पायथनच्या ओएस मॉड्यूलमधून फाईल लिहिणं-वाचणं

आमच्या भागातल्या काही दूध संकलन केंद्रांचा नोंदणी प्रोग्राम मी सांभाळते. सकाळ-संध्याकाळ रांग लागते. काट्यावर लिटर, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), सचिव एंटर मारतो आणि पावती बाहेर येते. केंद्रावर विंडोज, तालुक्याच्या ऑफिसात लिनक्स आणि माझ्या टेबलावर मॅक. लाइट कधीही जाते, आणि यूपीएसची बॅटरी बदलायचं नेहमी पुढच्या महिन्यावर जातं. त्यामुळे प्रोग्रामला मी एकच नियम घालून दिलाय: पावती सभासदाच्या हातात पडली असेल, तर तिची नोंद डिस्कवर असलीच पाहिजे. दहा दिवसांचं बिल निघताना पावती आणि फाईल जुळली नाही की सभासद सचिवाला धरतो आणि सचिव मला.

हा नियम तिन्ही सिस्टिमवर कसा पाळायचा, ते लिहिते. अहवाल काढणं, याद्या एक्सेलला देणं, सेटिंग वाचणं यासाठी पायथनचा नेहमीचा ओपन उत्तम आहे, तोच वापरा. ओएस.ओपन, ओएस.राइट, ओएस.रीड यांच्याकडे वळायचं ते प्रत्येक बाइट कुठवर पोचला हे आपल्याला माहीत असायला हवं तेव्हा. हे मॉड्यूल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमवरचा अगदी पातळ थर आहे. एकच कोड तिन्हीकडे चालतो खरा, पण तिन्हीकडे सारखा वागत नाही.

उघडताना

ओएस.ओपन फाईल ऑब्जेक्ट देत नाही. ते एक पूर्णांक देतं, फाईल डिस्क्रिप्टर. पुढचं सगळं काम या आकड्यावर चालतं, आणि शेवटी ओएस.क्लोज करायची जबाबदारी आपली, म्हणून ट्राय-फायनली लावाच. नोंदवहीसाठी मी तीन फ्लॅग जोडते: ओ_आरडीडब्ल्यूआर, म्हणजे वाचणं-लिहिणं दोन्ही, ओ_क्रिएट, म्हणजे फाईल नसेल तर बनव (टाइप करताना शेवटचा ई लावू नका, युनिक्सवाल्यांनी तो सुरुवातीलाच गाळलाय), आणि ओ_अपेंड, म्हणजे प्रत्येक लेखन फाईलच्या शेवटी.

विंडोजसाठी चौथा फ्लॅग लागतो, ओ_बायनरी. तो विसरलात तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. विंडोज फाईल टेक्स्ट मोडमध्ये उघडतं, आणि लिहिताना १० किमतीचा प्रत्येक बाइट म्हणजे ओळीचा शेवट असं समजून त्याच्या आधी १३ चा बाइट घुसवतं. आता सभासद क्रमांक १० दूध घालायला आला की त्याच्या नोंदीत १० हा बाइट येणारच. नोंद एका बाइटने फुगते आणि तिच्यापुढच्या सगळ्या नोंदी एकेक घर सरकतात. वाचताना याहून वाईट: २६ किमतीचा बाइट म्हणजे कंट्रोल-झेड, डॉसच्या जमान्यातली फाईल संपल्याची खूण. सभासद क्रमांक २६ ची नोंद आली की विंडोजच्या लेखी फाईल तिथेच संपली. लिनक्सवर हेच सगळं बिनबोभाट चालतं, म्हणून ही चूक आपल्या टेबलावर कधीच सापडत नाही. लिनक्स आणि मॅकच्या पायथनमध्ये ओ_बायनरी हे नावच नाही, तेव्हा ते थेट लिहू नका. गेटॲट्र वापरून मागा आणि नसेल तर शून्य घ्या.

ओएस.ओपनचा तिसरा आर्ग्युमेंट परवानग्यांचा. तो दिला नाही तर पायथन ७७७ धरतो (अष्टमान पद्धतीत), त्यातून युमास्क (सिस्टिमने आधीच नाकारलेल्या परवानग्या) वजा होतो आणि हिशेबाची फाईल एक्झिक्युटेबल होऊन बसते. ६०० द्या. विंडोजवर यातून फक्त फाईल लिहिता येणार की नाही एवढंच ठरतं.

नोंदीचा साचा

माझी नोंद २० बाइटची, ठरीव मापाची आहे. वेळेला ४ बाइट, सभासद क्रमांकाला २, सकाळ की संध्याकाळ याला १, एक बाइट रिकामा, मिलिलिटरला ४, फॅट दहापट करून २, एसएनएफ दहापट करून २. झाले १६. शेवटी या १६ बाइटचा सीआरसी (बाइट बिघडले तर कळावं म्हणून त्यांच्यावरून काढलेला तपासणीचा आकडा), ४ बाइट, झेडलिबच्या सीआरसी३२ फंक्शनमधून. दशांश अपूर्णांक कुठेही नाही. पैशांशी संबंध असलेल्या ठिकाणी फ्लोट ठेवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला सरळ ऑडिटरकडे पाठवते.

हे बाइट स्ट्रक्ट.पॅकने बांधायचे, आणि साच्याच्या सुरुवातीला ‘<’ ही खूण द्यायचीच. तिने दोन गोष्टी पक्क्या होतात: बाइटचा क्रम सगळीकडे एकच राहतो, आणि पायथन मधेच आपल्या मनाने पॅडिंग, म्हणजे भरतीचे रिकामे बाइट, टाकत नाही.

लिहिताना

ओएस.राइट किती बाइट लिहिले ते परत सांगतं, आणि हा आकडा न बघणारा कोड जागोजागी दिसतो. २० बाइट मागितले म्हणजे २० लिहिले जातीलच असं नाही. डिस्क भरत आली असेल तर १२ लिहून परत येईल, आणि जागा नसल्याचा एरर पुढच्या कॉलला मिळेल. मोठ्या लेखनात तर लिनक्सची मर्यादाच आहे: एका कॉलमध्ये जास्तीत जास्त २,१४७,४७९,५५२ बाइट. म्हणून छोटा लूप लिहा. डेटावर मेमरीव्ह्यू (कॉपी न करता डेटाचे तुकडे पाडू देणारा) घ्या, जितके बाइट गेले तितका पुढून कापा, उरलेला परत द्या, संपेपर्यंत. सिग्नल आल्यामुळे कॉल अर्धवट तुटला तर पायथन ३.५ पासून तो आपण होऊन पुन्हा करतो. अर्धवट लेखनाची काळजी मात्र अजूनही आपलीच.

एकाच डिस्क्रिप्टरवर ओएस.राइट आणि फाईल ऑब्जेक्टचा राइट, दोन्ही वापरू नका. फाईल ऑब्जेक्टचा स्वतःचा बफर असतो, त्यामुळे आधी लिहिलेलं नंतर आणि नंतरचं आधी जातं. फाईल ऑब्जेक्टच हवा असेल तर आधी फ्लश (बफर रिकामा करणं), मग त्याच्या फाइलनोवर, म्हणजे त्याच्या डिस्क्रिप्टरवर, एफसिंक (डिस्कवर उतरव असा हुकूम, तो पुढे येतोच).

डिस्कवर गेलं का?

ओएस.राइट यशस्वी झालं म्हणजे बाइट ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत गेले, एवढंच. पत्र टपालपेटीत पडलं, अजून पोचलेलं नाही. लिनक्स ते सवडीने, काही सेकंदांनी डिस्कवर टाकतं. त्या सेकंदांत लाइट गेली की नोंद गेली. म्हणून राइटनंतर ओएस.एफसिंक, आणि तो परत आल्यावरच प्रिंटरला हुकूम. ‘हळू होईल’ म्हणून हा क्रम उलटा करणारे भेटतात. मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणाऱ्या जुन्या हार्डडिस्कला एक फेरी घ्यायला साधारण ११ मिलिसेकंद लागतात. एफसिंकला अशा काही फेऱ्या लागल्या असं धरलं, तरी तेवढ्यात सभासदाचा कॅन काट्यावरून खालीही उतरत नाही.

तिन्हीकडे एफसिंकचा अर्थ मात्र वेगळा. लिनक्सवर तो डिस्कला स्वतःची कॅशही रिकामी करायला सांगतो. विंडोजवर पायथन आतून _कमिट बोलावतो, तेही ठीक. मॅकवर एफसिंक डेटा डिस्कपर्यंत नेतो, पण डिस्कच्या कॅशमधून खाली उतरवायची हमी देत नाही. ॲपलने हे स्वतःच्या मॅन्युअल पेजमध्येच लिहिलंय. तिथे एफकंट्रोल मॉड्यूलमधला एफ_फुलएफसिंक वापरायचा.

आणि एफसिंकने एरर दिला तर? पुन्हा प्रयत्न करू नका. लिनक्सवर एरर एकदा कळवला की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेमरीतली ती पानं डिस्कवर गेली असं मानू शकतं. दुसऱ्यांदा केलेला एफसिंक मग ‘सगळं ठीक’ म्हणतो, आणि डेटा डिस्कवर नसतोच. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांच्या हे ध्यानात आलं आणि त्यांनी धोरणच बदललं: एफसिंक फसला की डेटाबेस थांबवायचा आणि लॉगवरून पुन्हा उभा करायचा. माझा प्रोग्राम त्या वेळी पावती छापत नाही. स्क्रीनवर लाल पट्टी येते आणि सचिव कागदी वहीत लिहायला लागतो.

परत सुरू होताना

लाइट आल्यावर प्रोग्राम आधी ओएस.एफस्टॅटने फाईलचा आकार विचारतो. आकाराला २० ने भाग जात नसेल तर शेवटची नोंद अर्धवट आहे. आकार बरोबर असला तरी शेवटच्या नोंदींचा सीआरसी तपासायचा, कारण काही वेळा फाईल लांब झालेली असते पण त्या जागेत नुसती शून्यं असतात. १६ शून्यांचा सीआरसी३२ शून्य येत नाही, त्यामुळे अशी नोंद लगेच पकडली जाते. शेवटच्या धड नोंदीपुढचं सगळं ओएस.एफट्रंकेटने छाटायचं (विंडोजवर हे पायथन ३.५ पासून मिळतं). मग शेवटची नोंद स्क्रीनवर दाखवून सचिवाला विचारायचं, हिची पावती निघाली होती का. कारण उलटं होऊ शकतं: नोंद डिस्कवर आहे, पण प्रिंटर बंद पडला.

वाचताना ओएस.रीडला २० मागा, पण लूप इथेही ठेवा. तो कमी बाइट देऊ शकतो, आणि रिकामे बाइट मिळाले तरच फाईल संपली असं समजायचं.

दरपत्रक बदलताना

नोंदवहीत भर पडत जाते, दरपत्रक मात्र अख्खं बदलतं. जुन्या फाईलवर थेट लिहायचं नाही, कारण मधेच लाइट गेली तर जुना दरही नाही आणि नवाही नाही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाईल बनवा, ओ_क्रिएटसोबत ओ_एक्सक्ल लावा म्हणजे त्या नावाची फाईल आधीच असेल तर उघडणार नाही. पूर्ण लिहा, एफसिंक करा, बंद करा आणि ओएस.रिप्लेसने जुन्या नावावर आणा. ओएस.रिनेम नको: विंडोजवर त्या नावाची फाईल असेल तर तो एरर देतो. तात्पुरती फाईल टेम्प फोल्डरमध्येही नको, तो वेगळ्या पार्टिशनवर असला तर रिप्लेस होणारच नाही.

मधला एफसिंक गाळायचा मोह होतो. २००९ मध्ये उबुंटू लिनक्सवर एक्स्ट४ ही फाईल सिस्टिम नवी असताना अशाच प्रोग्रामांच्या फाईली लाइट गेल्यावर शून्य बाइटच्या सापडत होत्या: नवं नाव डिस्कवर पोचलं, मजकूर पोचलाच नव्हता. पुढे कर्नलने या प्रकाराला सांभाळून घेतलं, पण त्या कृपेवर हिशेब ठेवू नये. लिनक्स आणि मॅकवर रिप्लेसनंतर फोल्डरही ओ_आरडीओन्लीने उघडून त्याचा एफसिंक करा, नाहीतर नावाचा बदलच हरवू शकतो. विंडोजवर फोल्डर असा उघडत नाही, परमिशन एरर येतो, तिथे ही पायरी सोडा. विंडोजवर रिप्लेसलाही परमिशन एरर येतो, जर अँटीव्हायरस नेमका त्या क्षणी फाईल चाळत असेल. थोडं थांबून दोन-चारदा प्रयत्न करा. एफसिंकला जे वर्ज्य, ते इथे चालतं.

मराठी नावं

नोंदीत सभासदाचं नाव का नाही, असं ऑफिसातून विचारतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘ज्ञानेश्वर’मध्ये चिन्हं १० (ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र), म्हणजे ३० बाइट. नावाला २० बाइट ठेवले तर ‘ज्ञाने’चे १८ बसतात आणि ‘श’चे तीनपैकी दोन, म्हणजे वाचताना युनिकोड डीकोड एरर. २४ ठेवले तर एरर येत नाही, पण पावतीवर ‘ज्ञानेश्’ छापून येतं. म्हणून नावं वेगळ्या फाईलमध्ये, आणि ती तुकड्या-तुकड्याने वाचायची तर कोडेक्समधला इन्क्रिमेंटल डीकोडर घ्या. अर्धं चिन्ह आलं तर तो ते पुढच्या तुकड्यापर्यंत धरून ठेवतो.

फाईलच्या नावातही मराठी टाळते. एक्स्ट४ वर नाव २५५ बाइटपर्यंत, म्हणजे आपली ८५ चिन्हं. ते एक वेळ पुरेल, पण ‘दुसऱ्या’मधला ऱ हा एक कोडही असतो आणि र अधिक नुक्ता असाही लिहिता येतो. मॅकची जुनी फाईल सिस्टिम एचएफएस प्लस तो फोडून ठेवायची. लिनक्स दोन्हींना वेगळ्या फाईली समजतं, आणि स्क्रीनवर नावं हुबेहूब सारखी. नावात केंद्राचा क्रमांक आणि तारीख, बस. वेळही घालायची तर मधे विसर्गचिन्हासारखा कोलन नको, विंडोज तो घेत नाही.

दोन खिडक्या उघडल्या तर

सचिव आयकॉनवर दोनदा क्लिक करतोच. ओ_अपेंड लिनक्सवर दोन प्रोसेसची लेखनं एकमेकांवर चढू देत नाही. विंडोजवर मात्र ‘शेवटी जा’ आणि ‘लिही’ या दोन वेगळ्या पायऱ्या होतात, मधे दुसरा घुसू शकतो. वेगळी लॉक फाईल उघडून तिच्यावर लिनक्स-मॅकमध्ये एफकंट्रोलचा एफलॉक आणि विंडोजमध्ये एमएसव्हीसीआरटीचा लॉकिंग लावा. प्रोसेस मेली की हे लॉक सुटतात. नुसतं फाईलचं अस्तित्व म्हणजे लॉक, अशी योजना केलीत तर लाइट गेल्यावर फाईल तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे केंद्र उघडत नाही.

चाचणी

प्रोसेस टास्क मॅनेजरमधून मारून बघणं ही चाचणी नव्हे. प्रोसेस मेली तरी बाइट ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत शाबूत असतात आणि सवडीने डिस्कवर जातात, त्यामुळे एफसिंक नसलेला कोडही पास होतो. व्हर्च्युअल मशीन (खऱ्या मशीनच्या आत चालणारं नकली मशीन) एकदम बंद केलं तर एफसिंक नसलेला कोड सापडू शकतो, पण डिस्कची परीक्षा होत नाही, कारण खालचं खरं मशीन आणि त्याची मेमरी जिवंतच असते. एक जुना पीसी घ्या, त्यात केंद्रावर आहे तशीच डिस्क बसवा, कारण काही डिस्का कॅश रिकामी न करताच हो म्हणतात. प्रोग्रामला सतत नोंदी करायला लावा, प्रत्येक एफसिंक परतला की नोंदीचा क्रमांक नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवा, आणि मधेच भिंतीतून प्लग उपटा. पीसी परत सुरू करून दोन्ही आकडे ताडून बघा. फाईलमध्ये एखादी नोंद जास्त असेल तर चालेल. कमी असेल तर आधी ती डिस्क बदलून बघा, मग कोड.