रुगर १०/२२: घ्यावी का, आणि घेतल्यावर पैसे कशावर घालावेत

अमेरिकेत स्वस्तातली पहिली सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणारी) रायफल कोणती, असं विचारलं की बहुतेक दुकानदार रुगर १०/२२ काउंटरवर ठेवतात. १९६४ पासून ती बाजारात आहे. .२२ लाँग रायफल हे छोटं काडतूस तिला लागतं. दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन पोटात पूर्ण बसतं आणि साधी कार्बाइन (आखूड रायफल) साधारण तीनशे डॉलरच्या आसपास मिळते. तिच्यासाठी जितके सुटे भाग मिळतात तितके क्वचितच दुसऱ्या रायफलसाठी मिळत असतील. नवा माणूस नेमका इथेच फसतो. रायफल घरी आली की आठवड्याभरात ट्रिगर, महिन्याभरात बॅरल (नळी), मग स्टॉक (खांद्याला टेकणारा दस्ता), आणि तीनशेच्या रायफलवर पाचशे डॉलर चढतात. त्यातले कोणते खरंच लागणार होते, हे मात्र मोजलेलं नसतं. म्हणून आधी मोजायचं आणि मग बदलायचं. पुढची सगळी मांडणी त्याच क्रमाने आहे.

आधी कागदपत्रं

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी ही पायरी सर्वांत आधी आणि नीट वाचावी. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. ही मनाई फक्त खरेदीपुरती नाही. रेंजवर भाड्याने घेतलेली रायफल हातात धरणंही त्यात येऊ शकतं. कायद्यात मोजके अपवाद आहेत. वैध शिकारीचा परवाना हा त्यातला नेहमी सांगितला जाणारा अपवाद. पण मित्राच्या सांगण्यावरून त्याचा आधार घेऊ नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर जावं लागू शकतं. ग्रीन कार्ड असेल किंवा नागरिकत्व मिळालं असेल तर व्हिसामुळे येणारी ही मनाई लागत नाही.

परवानाधारक दुकानातून घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि एफबीआयच्या निक्स यंत्रणेतून पार्श्वभूमी तपासली जाते. रायफलसाठी केंद्रीय किमान वय १८ आहे, काही राज्यांत ते २१ आहे. ऑनलाइन मागवलेली रायफलही स्थानिक दुकानातच येते आणि कागदपत्रं तिथेच होतात, त्याची वेगळी फी पडते. ज्याला कायद्याने घेता येत नाही त्याच्यासाठी आपल्या नावावर घेणं हा गंभीर गुन्हा आहे, तो सख्खा भाऊ असला तरी.

राज्याचा कायदा स्वतः वाचा. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क अशा राज्यांत दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर निर्बंध आहेत, म्हणजे २५ गोळ्यांचं बीएक्स-२५ तिथे यादीतून आधीच बाद. पुढे आटे असलेलं बॅरल, घडीचा स्टॉक, पिस्तूल-ग्रिप यांवरही काही राज्यांत नियम आहेत. बॅरल १६ इंचांपेक्षा किंवा रायफलची एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी झाली तर ती केंद्रीय कायद्याच्या वेगळ्याच वर्गात जाते. सुटे भाग घेताना ही दोन मापं लक्षात ठेवा.

कशासाठी हवी, ते एका वाक्यात लिहा

‘रेंजवर डबे-चकत्या पाडायच्या आहेत’, ‘नेमबाजी मुळापासून शिकायची आहे’, ‘५० यार्डांवर पाचही गोळ्या एकाच भोकात हव्यात’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत आणि त्यांच्या रायफलीही वेगळ्या आहेत.

पहिल्या दोन कामांना १०/२२ उत्तम. नेमबाजी शिकवणाऱ्या प्रोजेक्ट ॲपलसीडच्या दोन दिवसांच्या शिबिरांत ती सर्रास दिसते, कारण .२२ ची गोळी स्वस्त आणि धक्का जवळजवळ नाही. नवशिक्याला दिवसभर सराव करता येतो आणि खांदा दुखत नाही.

तिसरं उत्तर खरं असेल तर १०/२२ घेऊन ती सुधारत बसू नका. सरळ बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळी हाताने दांडा ओढून भरायची) रायफल घ्या. सीझेड ४५७ किंवा सॅव्हेज मार्क टू या रायफली डब्यातून काढल्या काढल्या बहुतेक साध्या १०/२२ पेक्षा घट्ट नेम देतात. कारण साधं आहे. सेमी-ऑटोमध्ये काडतूस आपोआप आत जावं आणि बाहेर पडावं म्हणून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) थोडं सैल ठेवावं लागतं आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा) फक्त स्प्रिंगच्या जोरावर बंद असतो. बोल्ट-ॲक्शनला या तडजोडी कराव्या लागत नाहीत. पॅरिस २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक मिळवलं त्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्येही काडतूस हेच .२२ लाँग रायफल असतं, पण रायफल एकेक गोळी हाताने भरायची.

हिशोब असा पडतो: रायफल ३००, ट्रिगर ९०, बॅरल २००, स्टॉक १५०, म्हणजे स्कोप (दुर्बीण) सोडून साधारण साडेसातशे डॉलर. त्यापेक्षा कमीत चांगली बोल्ट-ॲक्शन येते. शिवाय विकायला गेलात तर बसवलेल्या भागांचे पैसे अर्धेही परत येत नाहीत.

वापरलेली घेताना काय बघायचं

१०/२२ सहसा मरत नाही, म्हणून वापरलेली घ्यायला हरकत नाही. पण या गोष्टी बघा.

मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मग बॅरलच्या तोंडाची कड बघा. तिथे ठोकर किंवा ओरखडा असेल तर गोळी सुटताना एका बाजूला ढकलली जाते आणि नेम बिघडतो. चेंबरच्या कडेला फायरिंग पिनचा (काडतुसावर आदळणाऱ्या खिळीचा) खोल ओरखडा नको. बॅरल दोन स्क्रूंनी धरलेलं असतं. ते कोणी चुकीच्या पान्याने फिरवून गोल केलेत का बघा. एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाची) नखी धारदार हवी. रायफल कोणी ‘सुधारली’ असेल आणि विकणाऱ्याला आत काय बदललंय ते सांगता येत नसेल, तर सोडून द्या. हातोडी (फायरिंग पिनवर आदळणारा भाग) किंवा सिअर (हातोडी अडवून धरणारा भाग) घरी घासलेली रायफल स्वस्तातही महाग पडते.

पहिली ५०० काडतुसं: काहीही न बदलता

ही पायरी सगळे गाळतात आणि पुढचा सगळा खर्च इथेच ठरतो.

तीन-चार प्रकारची काडतुसं प्रत्येकी पन्नासाची आणा: एक स्वस्त घाऊक डब्यातलं, एक सीसीआय कंपनीच्या मिनी-मॅगसारखं वेगवान, एक सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटीसारखं मंद, आणि जमलं तर एक मॅच (स्पर्धेच्या) दर्जाचं. वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून, वारा कमी असलेल्या सकाळी, ५० यार्डांवर प्रत्येक प्रकारच्या पाच गोळ्यांचे पाच गट मारा. प्रत्येक गटातल्या सर्वांत दूरच्या दोन भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि पाच गटांची सरासरी काढा. सर्वांत चांगला एकच गट जपून फोटो काढण्यात अर्थ नाही, तो योगायोगही असू शकतो.

एक बारकावा: हाताने बोल्ट ओढून भरलेली पहिली गोळी बऱ्याच १०/२२ मध्ये बाकीच्या चार गोळ्यांपासून जरा बाजूला पडते. पुढच्या गोळ्या रायफल स्वतः जोराने भरते, म्हणून काडतूस थोडं वेगळं बसतं. प्रत्येक गटाआधी एक गोळी वेगळ्या कागदावर मारली की हा घोळ मिटतो.

एकाच रायफलचा गट निव्वळ काडतूस बदलल्याने दोन इंचांवरून इंचभरावर येतो, हे नेहमी दिसतं. .२२ च्या डब्यातल्या गोळ्यांचा वेग सारखा नसेल तर महागडं बॅरलही त्या वेगवेगळ्या उंचीवरच टाकणार. मंद काडतुसं बऱ्याचदा अधिक नेमकी वाटतात त्याचं एक कारण म्हणजे ती साधारण १०७० फूट प्रति सेकंदाने निघतात, आवाजाच्या वेगाखालून. वाटेत तो अडथळा ओलांडताना गोळी हलते, ते या गोळीला करावंच लागत नाही. त्याची दुसरी बाजू अशी की काही रायफलींत मंद काडतूस बोल्ट पूर्ण मागे ढकलत नाही.

अडकलं तर काय झालंय ते ओळखा. रिकामी केस (काडतुसाचं धातूचं कवच) बोल्टमध्ये उभी अडकली, तर बहुधा काडतूस कमी ताकदीचं किंवा बोल्ट कोरडा आहे. केस बाहेरच आली नाही, तर चेंबर काजळलंय किंवा एक्स्ट्रॅक्टर बोथट आहे. गोळी उडाली नाही, तर नळी समोरच ठेवून तीस सेकंद थांबा, मग काढा आणि केसच्या कडेवरचा ठसा बघा. ठसा खोल असेल तर दोष काडतुसाचा. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या काडतुसात, स्फोटक कडेत भरलेलं असतं आणि स्वस्त काडतुसांत ते काही ठिकाणी पसरलेलंच नसतं. ठसा उथळ असेल तर बोल्ट साफ करा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि पुढची गोळी मारली तर बॅरल फुगेल किंवा फुटेल.

बदलांचा क्रम

काडतूस ठरल्यावर पहिला खर्च *डोळ्यांवर* करा. कारखान्याची साइट (नेम धरायची खूण) कामचलाऊ आहे. उघड्या डोळ्यांनी शिकायचं असेल तर साठ-सत्तर डॉलरची पीप साइट (बारीक भोकातून बघायची) मोठा फरक पाडते. स्कोप घ्यायचा असेल तर रिमफायरसाठी बनवलेला घ्या. मोठ्या रायफलींचे बरेच स्कोप १०० यार्डांवर पॅरॅलॅक्सशिवाय बसवलेले असतात. ५० यार्डांवर डोळा जरा हलला की त्यांतली फुली लक्ष्यावरून सरकते आणि दोष रायफलला जातो. स्कोपच्या बेसचे स्क्रू बेताने आवळा. रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) ॲल्युमिनियमचा आहे, आटे गेले की दुरुस्तीचा खर्च बेसच्या दसपट. नेम ५० यार्डांवर लावा. मंद गोळी १०० यार्डांवर त्यापेक्षा सहा-सात इंच खाली जाते.

दुसरा खर्च *ट्रिगर*. कारखान्याचा ट्रिगर बऱ्यापैकी जड, पाच-सहा पौंडांचा असतो. ओढताना रायफल हलते ती यामुळेच. रुगरचंच बीएक्स-ट्रिगर सुमारे पावणेतीन पौंडांचं आहे आणि पूर्ण बदली युनिट म्हणून बसतं. पण सीएमपीच्या (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम) रिमफायर स्पोर्टर स्पर्धेत उतरायचं असेल तर थांबा: तिथे ट्रिगर किमान तीन पौंड आणि रायफल साइटसह साडेसात पौंडांपर्यंतच चालते. नियमपुस्तिका आधी वाचा, नाहीतर नव्वद डॉलर घालून स्पर्धेबाहेर राहाल.

बसवणं असं:

१. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे याची पुन्हा खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

२. बॅरल-बँडचा (नळी आणि स्टॉक बांधणाऱ्या पट्ट्याचा) स्क्रू सैल करा, खालचा मुख्य स्क्रू काढा. सेफ्टीचं बटण मध्यावर आणा. ते एका बाजूला असेल तर स्टॉकमध्ये अडकतं आणि लाकूड चिरतं. मग बॅरलच्या बाजूने वर उचला.

३. दोन आडव्या पिना ढकलून ट्रिगर युनिट खाली काढा. रिसीव्हरच्या मागची बोल्ट-स्टॉप पिन अनेकदा आपसूक घरंगळते. खाली पांढरा टॉवेल अंथरलेला असू द्या. तीच पिन प्लॅस्टिक-रबरी बफरने बदलली तर बोल्टचा धातूचा आदळ कमी होतो. खर्च पाच-दहा डॉलर.

४. नवं युनिट बसवताना हातोडी मागे ताणलेली हवी. पिना बोटाच्या जोराने जाव्यात. ठोकावं लागत असेल तर भोकं जुळलेली नाहीत.

५. रिकाम्या रायफलवर तपासा. सेफ्टी लावून ट्रिगर ओढा, हातोडी सुटता कामा नये. सेफ्टी काढून ओढा, धरून ठेवा, बोल्ट मागे-पुढे करा, ट्रिगर सोडा, ‘टक’ असा आवाज यायला हवा.

६. रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या भरा. एका ओढीत दोन्ही उडाल्या तर रायफल बिघडलेली आहे. त्याच क्षणी बंद करा आणि बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

तिसरा खर्च *बॅरल*, आणि तो मोजमापाने सिद्ध झाला तरच. चांगलं काडतूस, चांगला स्कोप, हलका ट्रिगर असूनही ५० यार्डांची सरासरी इंचाच्या खाली येत नसेल आणि तुम्हाला ती हवी असेल, तेव्हाच. .९२० इंच जाडीचं बॅरल जुन्या स्टॉकच्या खाचेत मावत नाही, म्हणून सोबत स्टॉकचाही खर्च धरा. बसवताना एक्स्ट्रॅक्टरची खाच जुळवा, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक आधी पूर्ण आवळला तर बॅरल तिरकं बसतं.

मॅच बॅरलचं चेंबर घट्ट असतं. त्यात सीसीआय स्टिंगर घालू नका. त्याची केस नेहमीपेक्षा लांब आहे, ती घट्ट चेंबरमध्ये दाबली जाते आणि दाब वाढतो. घट्ट चेंबर काजळीलाही लवकर रुसतं, म्हणून दर दोन-तीनशे गोळ्यांनी ब्रश फिरवा. रिसीव्हर मागून बंद असल्यामुळे सळई तोंडाकडूनच घालावी लागते. तोंडाची कड घासू नये म्हणून सळईवर गाइड चढवा किंवा दोरीचा क्लीनर चेंबरकडून ओढून घ्या.

काढलेले मूळ भाग एका डब्यात जपून ठेवा. रायफल विकताना ती मूळ रूपात द्या आणि बॅरल, ट्रिगर वेगळे विका, पैसे जास्त येतात. आणि रायफल घरी येण्याआधी कुलुपाची पेटी घरी आणा. मुलं असतील तर काडतुसांना वेगळं कुलूप, वेगळी किल्ली.