लिफ्ट किट बसवल्यावर शाफ्टचे अँगल कसे जुळवायचे

लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारा संच) बसली, मोठे टायर चढले, आणि स्पीड पकडला की सीटखालून थरथर सुरू झाली, की बरेच जण सरळ पाटा (लीफ स्प्रिंग) आणि हौसिंगच्या (एक्सलच्या पेटीच्या) मध्ये पाचर घालून पिनियन (हौसिंगचं शाफ्टला जोडलेलं टोक) वर करून टाकतात. तसं करू नका, आधी मोजा, कारण पाचर चुकीची बसली तर थरथर वाढते आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) लवकर जातात.

होतं काय, तर गाडी उचलली की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) वर जातो, हौसिंग आहे तिथेच राहतं, मग दोघांना जोडणारा शाफ्ट जास्त उतरता होतो आणि दोन्ही टोकांच्या क्रॉसवर अँगल वाढतो. साधा क्रॉस अँगलमध्ये फिरताना शाफ्टचा वेग एकसारखा ठेवत नाही, एका फेऱ्यात दोनदा वाढवतो, दोनदा कमी करतो. पुढच्या क्रॉसने केलेला हा घोळ मागचा क्रॉस निस्तरतो, पण दोन्हीकडचा अँगल सारखा असेल तरच, म्हणजे आउटपुट (ट्रान्सफर केसमधून बाहेर येणारं टोक) आणि पिनियन एकमेकांना समांतर असले तरच.

मोजताना गाडी सपाट जागेवर, पूर्ण वजन चाकांवर, चाकांना पुढून मागून ओट (ठोकळा) लावलेली. जॅकवर एक्सल लोंबकळत असताना घेतलेल्या रीडिंगचा काही उपयोग नाही. डिजिटल अँगल गेज घ्या आणि तीन आकडे लिहा: आउटपुट, शाफ्ट, पिनियन. गेज नेहमी मशीन केलेल्या साफ फेसवर टेकवा, गंज-ग्रीस आधी पुसून.

समजा आउटपुट 3 डिग्री खाली बघतोय, शाफ्ट 9 डिग्री उतरता, आणि पिनियन 3 डिग्री वर. म्हणजे दोन्ही क्रॉसवर 9 वजा 3, 6-6. जुळतंय, पण जास्त आहे, हायवेच्या स्पीडला 3 च्या आसपास असलेलं बरं. आता कोणी 3 डिग्रीची पाचर घालून पिनियन वर केला तर मागे 3 झाले पण पुढे 6 च राहिले, समांतरपणा गेला! त्यापेक्षा क्रॉसमेंबरखाली (ट्रान्सफर केसला आधार देणाऱ्या आडव्या पट्टीखाली) स्पेसर देऊन ट्रान्सफर केस थोडा उतरवा, आउटपुट 1 डिग्री आणखी खाली झुकला की पिनियनही 1 डिग्री वर घ्या, दोन्हीकडचा अँगल सारखाच कमी होतो. आणि अगदी शून्यावरही आणायचं नाही, क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया थोड्या तरी फिरायला हव्यात.

लिफ्ट मोठी असेल तर मला वाटतं ट्रान्सफर केसच्या बाजूला डबल कार्डन जॉइंटवाला (दोन क्रॉस एकत्र जोडलेला) शाफ्टच घ्यावा. तिथे नियम बदलतो, पिनियन समांतर नाही तर शाफ्टच्याच रेषेत ठेवायचा, फक्त 1-2 डिग्री खाली, कारण अॅक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि पिनियन वर उचलला जातो.

पाचर लागलीच तर लोखंडी घ्या, अॅल्युमिनियमची दबते, तुटते. मागच्या एक्सलवर पाटे वरून असतील तर पिनियन वर घ्यायला जाड बाजू मागे, पाटे खालून असतील तर जाड बाजू पुढे. यू-बोल्ट मात्र नवीनच टाका, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर तिरक्या क्रमाने आवळा, आणि थोडे किलोमीटर झाल्यावर परत टॉर्क बघा.

शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही अर्ध्यांवर पेंटने खूण करा, स्प्लाइन (दोन अर्धे एकमेकांत बसवणारे दाते) एक दात जरी चुकून बसली तरी योक (क्रॉस धरणारे दोन्ही टोकांचे काटे) एका रेषेत राहत नाहीत आणि मग अँगल कितीही जुळवले तरी थरथर जात नाही. एक्सल पूर्ण खाली सोडून स्लिप योक (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा भाग) किती आत उरतो तेही बघा, फारच बाहेर आला असेल तर शाफ्ट लांब करून, बॅलन्स करून घ्यावा लागेल. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर सेंटर बेअरिंगला स्पेसर देऊन खाली घ्यायला लागतं.

पुढच्या सॉलिड एक्सलला पिनियन फिरवला की कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे झुकाव) पण बदलतो, तिथे आधी कॅस्टर सांभाळा, नाहीतर स्टिअरिंग भटकतं. नवीन पाटे थोडे बसतात, त्यामुळे काही शे किलोमीटर चालल्यावर तेच तीन आकडे परत घ्या आणि पहिल्या आकड्यांशी ताडून बघा.