कुत्र्याचा कच्चा आणि घरगुती आहार : प्रमाण, स्वच्छता आणि दैनंदिन निगा

आपल्याकडे कुत्र्याला पूर्वापार घरचेच अन्न मिळत आले आहे. दूध-भाकरी, वरण-भात, कधी अंडे आणि रविवारी मटणाची हाडे हा अनेक घरांतला नेहमीचा क्रम असतो. त्यामागे माया असते, परंतु या आहारात प्रथिने कमी पडतात, कॅल्शियमचा हिशेब कोणी ठेवत नाही आणि रश्श्यातून काढलेली शिजलेली हाडे तर धोकादायकच ठरतात. तयार पॅकबंद खाद्याला पर्याय म्हणून आता बरेच पालक कच्च्या मांसाकडे वळत आहेत. ज्यांना कुत्रा शक्य तितक्या नैसर्गिक पद्धतीने वाढवायचा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो : आपल्या हवामानात आणि आपल्या मांसबाजाराच्या सद्यस्थितीत बहुतेक घरांनी ताजे मांस हलके शिजवून द्यावे, आणि कच्चा आहार पुढे दिलेल्या अटी काटेकोरपणे पाळता येत असतील तरच स्वीकारावा.

कच्च्या आहाराची आजची पद्धत ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या विचारांतून जगभर पसरली. कुत्रा लांडग्याच्या कुळातला असल्यामुळे त्याला कच्चे मांस, मांसल हाडे, काळजासारखे अवयव आणि थोडी भाजी द्यावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. यातला मांस आणि अवयवांवरचा भर योग्य आहे, परंतु धान्य म्हणजे कुत्र्याला विषच, असा जो समज त्यातून रूढ झाला तो टिकत नाही. स्वीडनमधील उपसाला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. माणसाच्या सहवासात राहून कुत्र्याचे पचन बदलले आहे. त्यामुळे मऊ शिजलेला भात किंवा ज्वारीची भाकरी थोड्या प्रमाणात दिल्याने निरोगी कुत्र्याचे काहीही बिघडत नाही. बिघडते ते जेव्हा ताटात मुख्यतः तेच असते तेव्हा.

प्रमाणाचा हिशेब असा करावा. वाढ पूर्ण झालेल्या निरोगी कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या २ ते ३ टक्के इतके अन्न लागते आणि हे वजन शिजवण्यापूर्वीचे धरायचे असते. २० किलोच्या कुत्र्यासाठी अडीच टक्क्यांनी दिवसाला ५०० ग्रॅम होतात आणि ते दोन वेळांत विभागून द्यावेत. रूढ कच्च्या आहारात या ५०० ग्रॅमपैकी सुमारे ३५० ग्रॅम मांस, ५० ग्रॅम चावता येण्याजोगे हाड, २५ ग्रॅम काळीज, २५ ग्रॅम गुर्दा किंवा प्लीहा आणि ५० ग्रॅम भाजी असते. हृदय आणि कोंबडीचा पेटा यांची गणना मांसात करावी, अवयवांत नव्हे. हृदय स्वस्त मिळते आणि त्यात टॉरिन हे हृदयाच्या स्नायूला लागणारे अमिनो आम्ल भरपूर असते, म्हणून मांसाचा काही भाग नेमाने त्याचा असावा. काळीज मात्र आवडते म्हणून वाढवू नये, कारण त्यातले अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि त्याचा अतिरेक कालांतराने सांध्यांना व हाडांना बाधतो.

हे टक्के केवळ आरंभबिंदू आहेत. दिवसभर सदनिकेत बसून राहणारा लॅब्रेडोर आणि शेतावर धावणारा कारवानी यांचे वजन सारखे असले तरी त्यांची भूक सारखी नसते. दर पंधरा दिवसांनी कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवावा. बरगड्या हाताला सहज लागाव्यात पण दुरून उठून दिसू नयेत, आणि वरून पाहिल्यास कंबर आत गेलेली दिसावी. त्यानुसार दहा टक्क्यांनी अन्न वाढवावे किंवा कमी करावे. पिल्लांना वजनाच्या तुलनेत बरेच अधिक आणि दिवसातून तीन-चार वेळा द्यावे लागते. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या बाबतीत तर कॅल्शियम कमी पडणे जितके वाईट तितकेच जास्त होणेही वाईट, म्हणून त्यांचा आहार पशुवैद्याकडून ठरवून घ्यावा आणि तो शिजवलेलाच असावा.

घरगुती आहारात सर्वांत अधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे कॅल्शियम. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. नुसते मांस महिनोन्‌महिने दिले तर शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढून घेते आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात किंवा हाडे साध्या उडीनेही मोडतात. आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा किंचित अधिक असावे. कच्च्या आहारात ही गरज हाडांतून भागते. कोंबडीच्या मानेचा साधारण एक तृतीयांश भाग हाड असते, म्हणून ५० ग्रॅम हाडासाठी सुमारे दीडशे ग्रॅम मान लागते आणि तिच्यावरचे मांस मांसाच्या हिशेबात धरायचे असते. शिजवून द्यायचे असेल तर हाड पूर्णपणे वगळून अंड्याच्या कवचाची पूड वापरावी. कवचे स्वच्छ धुऊन, उकळून, वाळवून कोरडी भाजावीत आणि मिक्सरमध्ये पिठाइतकी बारीक करावीत. बिनहाडाच्या अर्ध्या किलो मांसाला या पुडीचा चहाचा अर्धा चमचा, म्हणजे सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम, पुरते. ज्या दिवशी हाड दिले त्या दिवशी ही पूड देऊ नये.

हाडांविषयी नियम सोपा आहे : शिजलेले, भाजलेले किंवा तळलेले हाड कधीही देऊ नये, कारण ते ठिसूळ होऊन त्याचे टोकदार तुकडे पडतात आणि घशापासून आतड्यापर्यंत कोठेही रुततात. कच्चे हाड द्यायचेच असेल तर कोंबडीची मान किंवा पंख द्यावा आणि तो संपेपर्यंत समोर बसावे. बोकडाची किंवा म्हशीची जाड नळी चघळायला देण्याची पद्धत मला पसंत नाही. मगजासाठी कुत्रा तिच्यावर सर्व ताकद लावतो आणि दाढेला चीर पडते.

भाजीत लाल भोपळा, गाजर, दुधी आणि फरसबी उत्तम. कुत्र्याला वनस्पतीच्या पेशी चावून फोडता येत नाहीत, म्हणून भाजी वाफवून कुस्करावी. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली द्यावी. या तेलकट माशांतून ओमेगा-३ मिळते आणि त्वचेला त्याचा लाभ होतो. परंतु मासा शिजवून आणि काटे काढूनच द्यावा, कारण काही माशांच्या कच्च्या मांसात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. सुके खारवलेले मासे मिठामुळे वर्ज्य. अंडे उकडून द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, बेदाणे, चॉकलेट, चहा-कॉफी आणि साखरमुक्त गोड पदार्थांतले झायलिटॉल यांतले काहीही पोटात जाऊ देऊ नये. कांदा-लसूण शिजवल्यानेही निर्धोक होत नाही, त्यामुळे आपल्या ताटातला रस्सा भाताला लावून देणे आजपासून बंद करावे.

इतके सारे केल्यावरही घरगुती आहारात जस्त, आयोडीन, ई आणि ड जीवनसत्त्व कमी पडण्याची शक्यता उरतेच. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी कुत्र्यांच्या घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा सुमारे ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य अपुरे आढळले. २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या पाककृतींपैकी बऱ्याच पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. म्हणून आपण काय आणि किती देतो हे महिनाभर वहीत लिहून ती वही पशुवैद्याला दाखवावी आणि कोणते पूरक द्यायचे हे त्यावरून ठरवावे.

आता कच्च्या मांसाच्या धोक्यांकडे वळू. साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया यांसारखे जिवाणू कच्च्या मांसात असू शकतात. धडधाकट कुत्रा त्यांना बहुधा पचवतो, पण त्याच्या लाळेतून आणि विष्ठेतून ते घरभर पसरतात. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ सालीच कच्चे प्राणिजन्य अन्न देऊ नये अशी भूमिका घेतली. आपल्याकडचे उदाहरण याहून गंभीर आहे. नागपूरच्या गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निष्पन्न झाला. बाधित कच्च्या मांसातून ही लागण झाली असावी, असा अंदाज व्यक्त झाला. हा विषाणू मांजरकुळाला विशेष घातक असला तरी कुत्र्यांनाही त्याची बाधा होऊ शकते. परिसरात बर्ड फ्लूची बातमी असेल त्या काळात कच्ची कोंबडी पूर्णपणे थांबवावी.

शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात आणि फुप्फुसात कधी कधी पाण्याच्या गाठी असतात. त्या हायडॅटिड नावाच्या रोगाच्या होत. अशा गाठींचे काळीज किंवा फुप्फुस कच्चे खाल्ल्यावर कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माणसाच्या पोटात गेल्यास त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी धरतात. खाटकाने टाकलेली फुप्फुसे आणि वजडी स्वस्त मिळते म्हणून कच्ची देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. शेळी-मेंढीसह कोणत्याही मोठ्या जनावराचे अवयव किमान वीस-तीस मिनिटे उकळूनच द्यावेत. डुकराचे मांसही कच्चे देऊ नये.

मांस गोठवल्याने काही परजीवी मरतात, परंतु जिवाणू मरत नाहीत, केवळ निष्क्रिय होतात. म्हणून ‘फ्रीझरमधले आहे, चालेल’ हा युक्तिवाद अपुरा आहे. ज्यांना तरीही कच्चे द्यायचे आहे त्यांनी ओळखीच्या दुकानातून समोर कापलेले मांस घ्यावे, ते तासाभरात घरी आणून उणे १८ अंशांखाली ठेवावे आणि ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, बंद डब्यात रात्रभर वितळू द्यावे. सुरी, पाटा आणि भांडी वेगळी असावीत. भांडे स्टीलचे असावे. वीस मिनिटांत जे खाल्ले नाही ते उचलून टाकावे, कारण विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि कोकणात दमट हवेने मांस तितक्याच वेगाने नासते. खाणे झाल्यावर भांडे आणि हात साबणाने धुवावेत. घरात तान्हे मूल, गरोदर स्त्री, वयोवृद्ध व्यक्ती किंवा कर्करोगावर उपचार घेणारा रुग्ण असेल तर कच्चा आहार मुळीच सुरू करू नये. शिजवताना मांसाच्या मध्यभागी ७४ अंश तापमान आले की हे जिवाणू व विषाणू नष्ट होतात. त्यासाठी मंद आचेवर थोड्या पाण्यात मांस शिजवून ते पाणीही अन्नात मिसळावे, म्हणजे विरघळलेली जीवनसत्त्वे वाया जात नाहीत. मीठ, हळद-तिखट, फोडणी यांतले काहीही लागत नाही.

बदल आठ-दहा दिवसांत करावा. पहिले दोन-तीन दिवस जुन्या अन्नात पाव भाग नवे, मग निम्मे, मग पाऊण. आरंभी एकाच प्रकारचे मांस ठेवावे, म्हणजे खाज किंवा जुलाब झाल्यास कारण कळते. विष्ठा रोज पाहावी. पांढरी, कोरडी आणि भुगा होणारी असेल तर हाड किंवा कवच जास्त होत आहे. काळपट आणि सैल असेल तर काळीज कमी करावे.

आहाराबाहेरची निगा हीसुद्धा नैसर्गिक जीवनाचाच भाग आहे. कुत्र्याला रोज वास घेत, स्वतःच्या गतीने चालण्याचा किमान अर्धा तास मिळावा. पट्टा ओढून भराभर फिरवण्याने पाय दमतात पण मन भुकेलेले राहते. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरवावे. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवता आली नाही तर तो रस्ता पंजांसाठीही तापलेला आहे.

गोचिडांच्या बाबतीत मात्र केवळ घरगुती उपायांवर विसंबणे महागात पडते. कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ घातल्यास हरकत नाही, परंतु गोचिडांमधून होणारे एर्लिकिया आणि बाबेसिया हे ताप आपल्याकडे सर्रास आढळतात आणि वेळेत उपचार न झाल्यास जीव घेतात. कान, बोटांच्या बेचक्या आणि पट्ट्याखालची जागा रोज चाचपावी, गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी, आणि पशुवैद्याने वजनानुसार सुचवलेले औषध नेमाने वापरावे. कापूर, रॉकेल आणि टी ट्री तेल कुत्र्याच्या अंगाला लावू नये. ही तिन्ही विषारी आहेत. माणसाच्या तापाच्या व वेदनेच्या गोळ्याही मनाने देऊ नयेत.

लसीकरणाला नैसर्गिक पर्याय नाही. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो व डिस्टेंपरच्या लसी, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्याच्या वेळापत्रकानुसार पुनर्मात्रा द्याव्यात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर कोणताही उपचार वाचवत नाही. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून मुंबई आणि कोकणात ती लसही घ्यावी. जंताचे औषध पिल्लांना तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर तिमाहीने द्यावे. कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्याच्या औषधात फीतकृमीवरचे प्राझिक्वान्टेल असल्याची खात्री करावी.

वर्षातून एकदा रक्ततपासणी करून घ्यावी, सातव्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी. मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा विकार निघाला तर वर दिलेले कोणतेही प्रमाण त्या कुत्र्याला लागू पडत नाही. त्याचे प्रथिन, फॉस्फरस आणि चरबी रोगानुसार ठरवावी लागते. कुत्र्याने चोवीस तास अन्न सोडले, उलट्या थांबत नसल्या, विष्ठेत रक्त आले किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर आहारात फेरफार करून वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि आहाराची वही सोबत न्यावी.