मोहल्ला कमिटी कशी बांधावी: भिवंडीच्या अनुभवातून

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतर डिसेंबर व जानेवारी अशा दोन फेऱ्यांत मुंबई पेटली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींत ९०० माणसे मारली गेल्याची नोंद केली आहे. त्याच दिवसांत, मुंबईपासून तासाभराच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली. हे अनपेक्षित होते, कारण मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी उसळलेली दंगल, जिची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन आयोगाने केली, आणि पुन्हा मे १९८४ मधील हत्याकांडे, या दोन जखमा त्या यंत्रमागांच्या गावावर होत्याच. या शांततेचे श्रेय एकाच गोष्टीला देता येणार नाही. तरीही १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे उभ्या केलेल्या सुमारे ७० मोहल्ला कमिट्यांचा, म्हणजे हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसतात अशा वस्तीपातळीवरच्या समित्यांचा, वाटा त्यात मोठा होता, असे माझे मत आहे. ज्यांना आपल्या गावात किंवा प्रभागात अशी कमिटी बांधायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

सुरुवात जागेपासून करावी. बहुतेक ठिकाणी कमिटी प्रभागाप्रमाणे नेमली जाते, आणि तेथेच पहिली चूक होते, कारण प्रभागाची सीमा मतदारयादीसाठी आखलेली असते, तर तणावाची सीमा म्हणजे दोन वस्त्यांच्या मधला रस्ता, नाला, बाजारपेठ किंवा एखादा चौक असतो. या शिवेवर कमिटी बसवावी आणि शिवेच्या दोन्ही बाजूंची माणसे सारख्या संख्येने घ्यावीत. एका बाजूची वस्ती दहापट मोठी असली तरी कमिटीत संख्या समानच असावी. जो गट अल्पसंख्य म्हणून बैठकीत येतो तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आपण चुकून संमती असा लावतो.

माणसे निवडताना मोठ्या नावांचा मोह टाळावा. सणापूर्वी पोलीस ठाण्यात होणाऱ्या शांतता समितीच्या बैठकीत तीच पंधरा-वीस प्रतिष्ठित मंडळी वर्षानुवर्षे खुर्च्यांवर बसतात, चहा होतो, छायाचित्र निघते. मात्र रात्री अकरा वाजता नाक्यावर जमलेल्या पोरांपैकी एकही त्यांना ओळखत नसतो. कमिटीत औषधाच्या दुकानाचा मालक, रिक्षा थांब्यावरचा जुना चालक, अंगणवाडी सेविका, कारखान्यातला मुकादम, गणेश मंडळाचा कार्यकर्ता, मशिदीचा विश्वस्त, चहाच्या टपरीचा मालक अशी माणसे असावीत, म्हणजे ज्यांच्यासमोरून दिवसाकाठी शेकडो लोक जातात आणि ज्यांचा शब्द त्यांच्याच गल्लीत चालतो. स्त्रिया किमान एक तृतीयांश असाव्यात. घराच्या गच्चीवर विटा गोळा होत आहेत हे घरातल्या बाईलाच आधी कळते. ज्यांच्यावर हिंसेचे गुन्हे आहेत आणि ज्यांना येती निवडणूक लढवायची आहे, अशांना सदस्य करू नये. नगरसेवकाला बोलवावे, त्याचे म्हणणे ऐकावे, पण अध्यक्षपद त्याच्याकडे देऊ नये. नाक्यावरच्या पोरांपैकी दोघे-तिघे मात्र आवर्जून घ्यावेत. ते बैठकीला उशिरा येतील, बोलणार नाहीत, तरीही घ्यावेत.

बैठक पंधरा दिवसांनी ठरल्या वारी, ठरल्या वेळी व्हावी. नमाजाची आणि आरतीची वेळ सोडून ती शाळेच्या वर्गात, दवाखान्यात किंवा एखाद्या कारखान्याच्या ओट्यावर भरवावी. देवळात किंवा मशिदीत नको. गावात काहीच घडलेले नसताना बैठक घेणे हे या कामातले सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे अंग आहे. विषय काय, असा प्रश्न दुसऱ्याच महिन्यात उभा राहतो. त्याचे उत्तर गटारीत, नळाच्या पाण्यात, बंद पडलेल्या दिव्यात आणि उचलल्या न गेलेल्या कचऱ्यात आहे. दोन्ही वस्त्यांच्या सह्या असलेला पाण्याचा अर्ज महापालिकेत नेऊन दोघांनी मिळून एका अधिकाऱ्यापुढे दोन तास उभे राहावे. अशा खेपांतून जी ओळख होते, तिच्याच आधारावर तणावाच्या रात्री मध्यरात्री फोन उचलला जातो.

दुसरे काम किरकोळ भांडणांचे. दंगलीच्या चौकश्या वाचल्या तर मुळाशी बहुधा दोन माणसांचे काहीतरी असते: रिक्षाचा धक्का, थकलेली मजुरी, क्रिकेटचा चेंडू, पार्किंगची जागा. तासाभरात ती दोन नावे गळून पडतात आणि भांडण ‘त्यांचे’ आणि ‘आमचे’ होते. भांडण त्या दोन नावांपाशीच थांबवणे हे कमिटीचे खरे कौशल्य आहे. त्यासाठी एक वही ठेवावी. तक्रार कोणाची, कोणाविरुद्ध, कशावरून, दोन्हीकडचा कोण सदस्य जाऊन बोलला आणि काय ठरले, एवढेच त्यात लिहावे. धर्म किंवा जात लिहू नये. मिटवताना दोन्ही समाजांचे सदस्य एकत्र जावेत, कारण एकट्याने गेलेल्या माणसावर पक्षपाताचा आरोप लगेच होतो.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. दोन सज्ञान व्यक्तींनी वेगळ्या धर्मात किंवा जातीत लग्न केले, तर तो कमिटीचा विषय नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्तिवाहिनी खटल्यात अशा विवाहांतील पंचायतींचा हस्तक्षेप बेकायदेशीर ठरवला आहे. त्या जोडप्याला पोलीस संरक्षण मिळवून द्यावे आणि त्यांच्या घरच्यांना शांत ठेवावे. मुलीला परत आणण्याची बोलणी कमिटीने कधीही करू नयेत. बलात्कार, मारहाण, शस्त्राचा वापर हेही वहीत मिटवायचे विषय नव्हेत, त्यांची तक्रार पोलिसांकडेच गेली पाहिजे.

वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग आणि हिजरी दिनदर्शिका शेजारी ठेवून सण कोठे जुळतात ते पाहावे. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या, तेव्हा महाराष्ट्रात अनेक गावांतील मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, म्हणून मुंबईतील ईद-ए-मिलादची मिरवणूक दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला निघाली. असे निर्णय ज्या समाजाचे, त्याच समाजाने आधी चर्चा करून घ्यायचे असतात, समोरच्याने मागणी करून नव्हे. आणि दरवर्षी एकाच बाजूने सवलत द्यावी अशी अपेक्षा धरली तर पुढच्या वर्षी ती मिळत नाही. मिरवणुकीचा मार्ग, प्रार्थनास्थळासमोरून पुढे सरकण्याची वेळ, ध्वनिक्षेपक कोठे बंद ठेवायचा आणि कोणत्या घोषणा दिल्या जाणार नाहीत, हे सर्व मंडळाच्या अध्यक्षाच्या सहीने लेखी घ्यावे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर असलेली बंदी दोघांनाही सारखीच लागू आहे, हे सुरुवातीलाच वाचून दाखवावे. मिरवणुकीच्या दिवशी समोरच्या समाजाचे चार सदस्य पाणी घेऊन वाटेत उभे असावेत. त्यांच्या उपस्थितीत प्रार्थनास्थळासमोर चिथावणीची घोषणा देणे पोरांना जड जाते.

अफवेचे काम सर्वांत नाजूक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर अनेकदा पुढे पाठवला गेलेला मजकूर आता एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, पण एका वस्तीत शंभर गट असतील तर या बंधनाने फार फरक पडत नाही. बातमी कानावर आली की तीन गोष्टी विचाराव्यात: प्रत्यक्ष कोणी पाहिले, कोणत्या ठिकाणी, किती वाजता. दोन्ही समाजांचे दोन सदस्य तत्काळ त्या जागी किंवा रुग्णालयात जावेत आणि अर्ध्या तासात कळवावे. तोवर ‘ही अफवा आहे’ असे कोणीही लिहू नये. पडताळणीविना केलेले खंडन खोटे ठरले, तर कमिटीवरचा विश्वास त्याच क्षणी संपतो आणि तो पुन्हा मिळवायला वर्षे लागतात. खात्री झाल्यावर ओळखीच्या माणसाच्या आवाजातला छोटा संदेश पाठवावा, त्यात घडले तेवढेच सांगावे आणि मूळ चित्र किंवा चित्रफीत पुन्हा दाखवू नये. भिवंडीसारख्या ठिकाणी, जेथे मराठी आणि उर्दूबरोबर तेलुगूही अनेक घरांत बोलली जाते, तेथे संदेश तिन्ही भाषांत असायला हवा.

प्रत्यक्ष दगडफेक सुरू झाल्यास ११२ वर कळवावे आणि शस्त्रधारी जमावासमोर जाऊ नये. निःशस्त्र सदस्याने वीरता दाखवणे अपेक्षित नाही. प्रत्येकाने आपल्याच समाजाच्या पोरांना आवरावे, कारण मुस्लिम पोराला त्याचा चाचा आणि हिंदू पोराला त्याचा काका जितके थांबवू शकतो तितके दुसरे कोणी नाही. शाळेत अडकलेली मुले आणि रुग्ण सुखरूप पोचवण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच वाटून दिलेले असावे.

पोलिसांशी नाते जवळचे हवे, पण डोळे झाकून नको. बीट हवालदाराने प्रत्येक बैठकीला यावे, सर्वांबरोबर त्याच सतरंजीवर बसावे आणि तक्रारी ऐकाव्यात. कमिटी ही खबऱ्यांची यादी आहे असे लोकांना वाटू लागले तर ती संपली. मादन आणि श्रीकृष्ण या दोन्ही आयोगांनी पोलिसांच्या पक्षपाताकडे बोट दाखवले आहे, म्हणून सरसकट अटका होत असतील तर कमिटीने ठाण्यात जाऊन विचारणा करावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, आणि ठाणे अंमलदाराने नोंद नाकारल्यास ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. हे सदस्यांना पाठ असावे. नुकसानीचे पंचनामे करून घेताना दोन्हीकडची घरे एकाच फेरीत घ्यावीत.

कमिटी मरते ती बहुतेक वेळा बदलीने. ज्या अधिकाऱ्याने ती उभी केली तो जातो, नव्याला तिचे महत्त्व कळत नाही, बैठका आधी महिन्याने, मग सणापुरत्या होतात. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच कोटरगेट भागातील पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार झाला, गोळीबार झाला आणि आंदोलक तसेच पोलीसही मारले गेले. त्या वेळचा वाद दोन समाजांमधला नव्हता, पोलीस आणि वस्ती यांच्यामधला होता. लोकांशी बसून बोलण्याची सवय सुटली की काय होते हे त्यातून दिसते. म्हणून वही, सदस्यांची यादी आणि सणांचे लेखी करार यांची एक प्रत नागरिकांकडे राहावी, अध्यक्षपद दरवर्षी एका समाजाकडून दुसऱ्याकडे जावे, आणि नवा अधिकारी रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच सदस्यांनी वही घेऊन त्याला भेटावे व पुढच्या बैठकीची तारीख त्याच्या दैनंदिनीत लिहून घ्यावी.