औषधी व सुगंधी वनस्पतींची छाट कलमे: थंडीपूर्वीची लागवड आणि थंडीतील निगा

दसरा ते दिवाळी या काळात मराठवाड्यात पाऊस ओसरलेला असतो आणि जमिनीत ऊब टिकून असते. म्हणून तुळस, पुदिना व पानओवा यांची छाट कलमे, म्हणजे मुळे फुटण्यासाठी मातीत खोवायच्या फांदीच्या काड्या, याच दिवसांत लावून घ्यावीत. डिसेंबर-जानेवारीत परभणी परिसरात किमान तापमान 10 अंशांच्या, तर काही वर्षी 5 अंशांच्याही खाली जाते. अशा वेळी लावलेली काडी वरून हिरवी दिसत असली तरी तिला मुळे फुटत नाहीत आणि अखेर ती कुजते.

काडी निरोगी झाडाच्या कोवळ्या, मंजिरी न आलेल्या शेंड्याची, 10 ते 12 सेंटिमीटर लांबीची घ्यावी. धारदार पात्याने पेऱ्याच्या किंचित खाली छेद द्यावा, कारण तुळस व पुदिन्याची मुळे मुख्यतः पेऱ्यापासून फुटतात. खालची पाने काढून शेंड्याकडील दोन जोड्या ठेवाव्यात. पानओव्याची काडी रसाळ असल्याने छेद काही तास सावलीत सुकू द्यावा आणि मगच ती लावावी. गवती चहाचे मात्र कलम होत नाही, त्याचे ठोंब फोडावेत. ते काम पावसाळ्यासाठी राखून ठेवलेले बरे.

पिशवीत निव्वळ काळी माती भरण्याचा मोह टाळावा. ती पाणी धरून ठेवते, आणि थंडीत वाफ कमी होत असल्याने काडीचा बुडखा दिवसेंदिवस ओला राहून काळा पडतो. धुतलेली वाळू व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घेऊन त्यात थोडे गांडूळखत मिसळावे आणि पिशवीला तळाशी छिद्रे ठेवावीत.

आमच्या मते हिवाळ्यात थंडीपेक्षा जास्त रोपे पाण्याने जातात. मातीत बोट पेरभर घालून पाहावे; आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. द्यायचेच झाल्यास ऊन वर आल्यावर, शक्यतो बोअरचे ताजे पाणी द्यावे. ते सकाळी कोमट असते, तर रात्रभर टाकीत राहिलेले पाणी मुळांना गारठवते. रात्री पिशव्या भिंतीच्या दक्षिण बाजूला, तिच्या आडोशाला ठेवून वर गोणपाट पसरावे आणि ते सकाळी आठवणीने काढावे, अन्यथा आतील दमटपणामुळे बुरशी येते. तुळशीची पाने काळपट होऊन गळू लागल्यास खत देऊ नये. खोड नखाने हलके खरवडून पाहावे आणि आत हिरवे असेल तर रोप फेकू नये. पुदिन्याचा वरचा भाग वाळला तरी जमिनीतील धावत्या खोडांतून तो पुन्हा फुटतो.

संक्रांतीनंतर रात्रीचा गारठा कमी झाला की शेंडे खुडावेत, आणि नवीन फूट दिसल्यावरच रोपे वाफ्यात हलवावीत.